रामकिसनतात्यांचा रुमाल आणि महारेराची परीक्षा

जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं, डाव्या हाताला एक पत्र्याचं दुकान आहे. मागं काही महिने त्या दुकानाची पाटी भिंतीकडं तोंड करून उभी होती. पाढा चुकला की गुरुजी उभं करायचे ना, तशी. पुढच्या अंगावर लिहिलेलं होतं ‘रामकिसन इस्टेट एजन्सी’, पण ते वाचायचं तर भिंतीलाच डोळे फुटायला हवे होते. रस्त्यावरून दिसायची ती नुसती पाठ, गंजलेली.

पाटी उलटी केली होती खुद्द मालकानं. आणि मालक तिच्याशेजारीच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असायचा. पांढरा शर्ट, पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेलाएवढा लाल चौकडीचा रुमाल. ओळखीचा माणूस मोटारसायकल हळू करून विचारायचा, “काय तात्या, दुकान बंद केलं का?”

“दुकान चालू हाय. मी बंद हाय.”

“म्हंजी?”

“परीक्षेत नापास झालो.”

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हे असं भर हायवेवर, ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून सांगतो, तेव्हा विचारणाऱ्यालाच शरम वाटते. तो गिअर टाकून निघून जायचा. मी स्वतः उस्मानपुऱ्यात फ्लॅट दाखवायचं काम करतो आणि आमच्या धंद्यात ‘नापास’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. आमच्यात सौदा फिसकटत नाही, ‘थोडा थांबलेला’ असतो. भिंतीला ओल नसते, ‘गारवा’ असतो. आणि हा माणूस बघा.

आता परीक्षा कसली, ते सांगायला पाहिजे. महारेरानं, म्हणजे घरं आणि प्लॉट यांच्या विक्रीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, आम्हा एजंट लोकांना शिकायला लावलं. आधी प्रशिक्षण घ्या, मग परीक्षा द्या, प्रमाणपत्र मिळवा. ते नसेल तर तुमची नोंदणी थांबली आणि नोंदणी थांबली की महारेराचा नंबर घेतलेल्या कुठल्याही स्कीममधला प्लॉट तुम्ही विकायचा नाही. पानटपरी सांभाळून एजंट, जिम सांभाळून एजंट, सासऱ्याची जमीन विकली एवढ्या अनुभवावर एजंट, सगळे एका रात्रीत विद्यार्थी झाले. रामकिसनतात्याही झाले. शाळेत ते दहावीपर्यंत गेले होते. दहावीनं त्यांना पुढं जाऊ दिलं नव्हतं. म्हणजे परीक्षेशी त्यांचं वैर जुनंच.

पण तात्या मुळात प्लॉटवाले नव्हतेच. ते बैलांचे दलाल.

त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे, त्यांच्यामागून हे. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल विकणाऱ्याचा हात हातात घेतो, वरून रुमाल टाकतो आणि रुमालाखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. पुढं शून्यं किती, ते ज्यानं त्यानं जनावराकडं बघून समजून घ्यायचं. मग तसाच घेणाऱ्याचा हात. भोवती पन्नास माणसं उभी असतात, सगळी रुमालाकडं बघत असतात आणि कुणालाच काही कळत नाही. तात्या या कामात एवढे तयार की म्हणे डोळे मिटून नुसत्या हातावरून सांगायचे, ‘याला बैल विकायचा नाही, भाव काढायला आलाय.’

मग शेंद्र्याला कंपन्या आल्या. शेतं गेली, त्यांच्या जागी शेड उभे राहिले. बैल कमी झाले, बाजार विरळ झाला. लोकांच्या हातात पैसा आला आणि त्यांना बैलाऐवजी प्लॉट हवे झाले. माणसं तीच, फक्त माल बदलला. म्हणून ती रामकिसनकडंच आली. तात्यांनीही फार काही बदललं नाही. प्लॉट बघायला गेले की आधी मागून बघायचे. गिऱ्हाईक पुढून रस्ता किती रुंद आहे ते मोजत असायचं आणि तात्या मागच्या बांधाला.

“तात्या, मागं काय बघता?”

“लाथ मागूनच बसती.”

आणि भाव ठरवायची वेळ आली की रुमाल. खुर्च्या समोरासमोर, चहा आलेला, एकाचा हात, मग दुसऱ्याचा हात. बैलाच्या जागी प्लॉट, शून्यं तेवढी वाढली. ही गोष्ट मला कुणी सांगितली असती तर मी विश्वास ठेवला नसता. पण माझाच हात त्या रुमालाखाली गेला आहे.

झालं असं. आमचं प्रशिक्षण क्रांती चौकाच्या मागं एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये होतं. लग्नसराई नुकतीच संपलेली. खुर्च्यांना अजून सॅटिनचे झगे होते आणि स्टेजवर थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच. त्याच्या बरोबर खाली उभ्या राहून प्रेरणा मॅडम आम्हाला कायदा शिकवायच्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. आवाज खणखणीत. झोपणाऱ्याला ओरडायच्या नाहीत, त्याच्या शेजारी जाऊन उभं राहून शिकवायच्या. झोप आपोआप जायची.

तात्या सूनबाईला घेऊन आले होते. मेघा, बी.कॉम. झालेली. लग्नानंतर दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघायची, म्हणून तिचंही नाव नोंदवलं होतं. सासरा आणि सून एका वर्गात, हे दृश्य बघून मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, “चचा, होमवर्क भाभी करके देंगे क्या?” तात्यांनी मागं न बघता उत्तर दिलं, “तुझं बी दिऊ का करून?”

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, आज नुसतं ऐकायचं नाही, करून दाखवायचं. एकजण विकणारा, एकजण घेणारा, मध्ये एजंट. एजंट कोण होणार? तात्या उठले. घेणारा म्हणून मला ढकललं. विकणारा एक जिमवाला. आम्ही तिघं ‘शुभविवाह’च्या खाली उभे राहिलो. मॅडमची अपेक्षा होती की तात्या बोलायला लागतील: नोंदणी क्रमांक, क्षेत्रफळ, ताबा कधी. तात्यांनी एक शब्दही काढला नाही. जिमवाल्याचा हात धरला, रुमाल टाकला. मग माझा हात धरला, रुमाल टाकला. माझी दोन बोटं दाबली, एक सोडलं, तळहातावर काहीतरी टोचलं. माझ्या हाताला घाम फुटला. मला काही म्हणजे काहीच कळलं नाही, पण सौदा झाला असं वाटलं आणि मी मान डोलावली.

सगळा हॉल हसत होता. मॅडम हसता हसता पुढं आल्या. “काका, हे काय?”

“भाव.”

“मग रुमाल कशाला?”

“चारचौघांत भाव फुटू नाय म्हणून.”

“बरं. तुम्ही आधी यांचा हात धरला, नंतर त्यांचा. दोघांना एकच आकडा सांगितला?”

तात्या गालात हसले. रुमालाची घडी घालायला लागले.

“काका?”

“मॅडम, आता त्याच्यासाठीच तर रुमाल असतो की.”

यावर जो हशा पिकला त्यात थर्माकोलचा ‘शु’ पडला. मॅडमही पोट धरून हसल्या. मग पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, या कायद्यात रुमाल नाही. या हाताला काय सांगितलं ते त्या हाताला कळलंच पाहिजे.”

पुढं मॅडमनी बराच वेळ काही ना काही शिकवलं, पण तात्यांचं लक्ष तिथं नव्हतं. रुमाल मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत बसले होते. चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाले, “तीस वर्सं झाली या धंद्यात. असं मला कुणी इचारलंच नव्हतं.” मला वाटलं, उद्यापासून काही हा माणूस येत नाही. दुसऱ्या दिवशी आलो तर तात्या सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेले. झगा घातलेल्या खुर्चीत, नवरदेवाच्या मामासारखे.

परीक्षा शहराबाहेरच्या एका कॉलेजात, कॉम्प्युटरवर होती. प्रश्न मराठीत, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर असेल त्यावर माउस दाबायचा. तात्या वेळेच्या आधी बाहेर आले, चेहरा एकदम खुललेला. कॉलेजच्या गेटवर चहा घेताना मेघानं विचारलं, “मामा, कसा गेला पेपर?”

“सोपा होता. तुम्ही उगीच घाबरवलं.”

“पहिल्याला काय दिलं तुम्ही? एजंटाच्या कर्तव्याचा होता तो.”

“क.”

“दुसऱ्याला?”

“ब.”

“आणि ते बँक खात्याचं होतं, त्याला?”

“ब. का क. दोनीपैकी एक.”

मेघानं कप खाली ठेवला. “मामा, कुठल्या प्रश्नाला अ किंवा ड दिलं का?”

“नाय.”

“एकालाही?”

“अगं, चार भाव सांगितले तर पयला भाव कोण घेतं? तो तर घासाघीस सुरू करायला सांगितल्याला असतो. अन् शेवटचा सांगणारा वैतागून सांगतो. खरा भाव मधीच असतो. तीस वर्सं मधलाच धरलाय मी, कधी तोटा नाय झाला.”

माझ्या नाकातून चहा आला. मेघा हसली नाही. सूनबाई असल्यामुळं तिला हसण्याची सोय नव्हती. ती आपल्या चपलेच्या पट्ट्याकडं बघत राहिली. पण तिचे खांदे हलत होते.

निकाल लागला. मेघा चांगली पास. मी काठावर, एक पाय पाण्यात. तात्या नापास.

काही दिवसांनी नोंदणी थांबल्याचं पत्र आलं. त्या संध्याकाळी तात्यांचा मुलगा राजेंद्र कंपनीतून घरी आला आणि त्यानं सरळ हिशेबी तोडगा काढला. “दादा, पाटीवर मेघाचं नाव टाकू. पास झालीच हाय ती. सौदे तुम्हीच करा की, कोण बघतंय? सही तेवढी तिची.”

हे मला पुढं मेघानंच सांगितलं. म्हणाली, मामांनी आधी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, “सही तिची अन् बोटं माझी? मग तो रुमालच झाला की.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्यांनी पाटी उतरवली, भिंतीकडं तोंड करून ठेवली. म्हणाले, “पास झालो तर सरळ करीन. नाय झालो तर तुझी नवी कर. माझी भंगारात दे.”

तर अशी ती पाटी. मध्यंतरी दुकान मेघा स्वतःची नोंदणी करून चालवत होती आणि खरोखरच चालवत होती. तात्या सकाळी शटर उघडायचे, झाडायचे, गिऱ्हाईक आलं की बसवायचे, गावाची, पावसाची, कुणाच्या सोयरिकीची चौकशी करायचे. पण भाव निघाला रे निघाला की उठायचे आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसायचे. पाहुण्याला वाटायचं, म्हातारा रुसला. मी एकदा तिथं होतो. आत एक शिक्षक जोडपं मेघाशी बोलत होतं आणि बाहेर तात्या पाठ फिरवून बसले होते, पण त्यांच्या उजव्या हाताची बोटं धोतराच्या घडीत एकेक करून दुमडत होती. आतला सौदा ते बाहेर बसून करत होते, स्वतःपुरता.

“तात्या, जा की आत,” मी म्हटलं.

“नाय. मला शिक्षा हाय.”

“कुणी दिली?”

“ब आणि क यांनी.”

खरी कसोटी पुढंच होती. बाजारातले त्यांचे जुने दोस्त बन्सी एक दिवस आले. दोघांनी मिळून किती बैल इकडचे तिकडं केले असतील, त्याची गणती बैलांनाच माहीत. बन्सीभाऊंना नातवासाठी प्लॉट घ्यायचा होता. जवळच गोकुळशेठनी आपल्या जमिनीवर लेआउट पाडला होता, महारेराचा नंबर वगैरे रीतसर घेऊन. गोकुळशेठही मूळचे बाजारातलेच. म्हणजे विकणारा ओळखीचा, घेणारा ओळखीचा आणि मध्ये असायला पाहिजे तो लिंबाखाली.

बन्सीभाऊ खुर्ची ओढून बसले, हात पुढं केला. “टाक रुमाल.”

“माझं लायसन थांबलंय, बन्सी. आत सूनबाई हाय, तिच्याशी बोल.”

“येडा झाला का? मी पोरीशी सौदा करू?”

“ती पास झालीय.”

“अन् तू?”

“मी नापास.”

“बैल इकायला कधी लायसन लागलं का आपल्याला?”

“बैल महारेरात येत नाय.”

बन्सीभाऊंनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. “रामक्या, हितं कोण हाय? तू, मी अन् हे लिंबाचं झाड. रुमालाखाली काय झालं ते कुणाच्या बापाला कळत नाय. गोकुळचा हात मी उद्या आणतो.”

मेघा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं. ती सांगते, मामांचा हात रुमालाकडं गेला होता. खरंच गेला होता. त्यांनी रुमाल खांद्यावरून काढला, तोंड पुसलं आणि परत खांद्यावर टाकला.

“पास होईस्तवर थांबतो का?”

“अन् नाय झालास तर? मी काय मरूस्तवर थांबू?”

“मग जा दुसरीकडं.”

“जातो.” बन्सीभाऊ उठले. “लई शाना झाला तू. शाळेनं बिघडवलं तुला.” आणि गेले. चहा तसाच राहिला. तात्यांनी तो लिंबाच्या बुडाशी ओतला. मेघा म्हणते, रात्रीची भाकरी झाल्यावर ते म्हणाले, “ते फोनमधले परीक्षेचे प्रश्न काढ बरं.”

तर अभ्यास सुरू झाला. स्वयंपाकघरात, कारण मेघाला दुसरा वेळच नव्हता. ती चुलीपाशी भाकऱ्या थापायची, तात्या पाटावर बसून फोनवरचा प्रश्न मोठ्यानं वाचायचे आणि उत्तर सांगायचे. मनकर्णाबाई, म्हणजे तात्यांची बायको, आमच्या काकू, मेथी निवडता निवडता टोमणे पुरवायच्या. “राजेंद्र दहावीला होता तवा असे बसले असते तर पोरगा कलेक्टर झाला असता.”

अडचण एकच. सासऱ्याला ‘चुकलं’ म्हणायचं कसं? मेघाच्या जिभेवर तो शब्द येईना. पण तिच्या हातावर आला. उत्तर बरोबर असलं की भाकरीची थाप चालूच राहायची. चुकलं की थाप थांबायची. तात्यांना हे दुसऱ्याच दिवशी कळलं. हातांची भाषा त्यांना कोण शिकवणार!

“ब,” तात्या म्हणायचे. थाप थांबायची.

“क.” थांबलेलीच.

“मग काय, ड?” थाप, थाप, थाप.

“आयला, शेवटचा भाव खरा?”

एक दिवस थापच थांबली आणि बराच वेळ सुरू झाली नाही. तात्यांनी चारही पर्याय म्हणून बघितले होते, आधी मधले दोन, मग कडेचे. मेघा वळली, हात पिठाचे, आणि पहिल्यांदा तोंडानं बोलली. “मामा, इथं मधला भाव नसतो. आणि घासाघीसही नसते. चारांतला एकच खरा. बाकीचे तीन खोटे, मधले असोत की कडेचे.”

“फिक्स रेट?”

“फिक्स.”

तात्या तिच्याकडं बघतच राहिले. “मग आधी सांगायचं ना! मॉलसारखं!”

मनकर्णाबाई म्हणाल्या, “लग्नाच्या आधी माझ्या बापानं बी सांगितलं होतं, पोरगा जरा मधल्यातलाच हाय.”

त्यानंतर तात्या चारही पर्याय वाचायला लागले. बोट ठेवून, एकेक शब्द, जसा बैलाचा एकेक दात बघावा. एका प्रश्नावर मात्र ते रोज अडायचे. एजंटानं ग्राहकाला कोणती माहिती द्यावी? उत्तर होतं: प्रकल्पाची सगळी खरी माहिती.

“सगळी?”

थाप चालू.

“मागं नाला असला तर तो बी?”

थाप चालू.

“अन् मला कुणाकडून काय मिळतं, ते बी?”

थाप चालूच. जरा जोरातच.

“बरं बाई. चटका बसंल हाताला, हळू.”

दुसऱ्या परीक्षेला ते एकटे गेले. मी म्हटलं, सोडायला येतो, नको म्हणाले. गेटवर पहारेकरी सगळ्यांचं सामान बाहेर ठेवून घेत होता. फोन, पाकीट, किल्ल्या. तात्यांच्या खांद्याकडं बोट करून म्हणाला, “काका, टॉवेल पण.” तात्यांनी तो त्याच्या हातात दिला. “नीट सांभाळ रे बाबा. लई जणांचे हात त्याच्यातून गेलेत.” आणि मोकळ्या खांद्यानं आत गेले. बाहेर आल्यावर रुमाल घेतला, पण बसमध्ये चढेपर्यंत खांद्यावर टाकायची आठवणच झाली नाही म्हणे.

निकाल मेघाच्या फोनवर आला. मी तेव्हा योगायोगानं दुकानात होतो. योगायोग असा की दोन तासांपासून बसलो होतो.

“मामा, पास!”

तात्या उठले, परत बसले. “कितवा आलो?”

“यात नंबर नसतो मामा. पास नाही तर नापास.”

“हे बी फिक्सच.” आणि एवढ्या वेळानं त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले. धूळ फार आहे म्हणाले. जालना रोडवर धूळ असतेच, त्यामुळं आम्ही कुणी वाद घातला नाही.

नोंदणी परत सुरू झाल्यावर पाटी रंगवायला पेंटर आला. तात्यांनी त्याला दोन नावं सांगितली. मेघाचं वर, आपलं खाली. मेघा धावत आली, “मामा, असं नको. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, सूनबाई आधी पास झाली. खोटं हाय का?”

“पण तुमचं वर—”

“फिक्स,” तात्या म्हणाले. पेंटरनं मेघाची अक्षरं जरा बारीक काढली, तर ती पुसायला लावून परत काढून घेतली. दोघांच्या नावांपुढं महारेराचा नोंदणी क्रमांकही, हायवेवरून वाचता येईल एवढा.

रंग वाळला. तात्या स्टुलावर चढून खिळे ठोकत होते, मी खालून पाटी धरली होती, तेवढ्यात एक जीप थांबली. बन्सीभाऊ उतरले. त्यांच्यामागून गोकुळशेठ.

“झाला का पास?” बन्सीभाऊंनी खालूनच विचारलं.

“झालो. तुला प्लॉट मिळाला नाय का अजून?”

“पाच जणांकडं गेलो. पाचीजण म्हणले, रस्ता होणार, पाणी येणार, समदं होणार. एकानं बी म्हणलं नाय का माझ्यात काय कमी हाय.” बन्सीभाऊ खुर्चीवर टेकले. “तू तेवढा म्हणला, मी नापास हाय. रामक्या, लंगडा बैल इकताना कुणी आपणहून सांगतं का, लंगडा हाय म्हणून? घरी गेलो अन् म्हाताऱ्या बायकोला सांगितलं, आपण थांबू.”

तात्या स्टुलावरून उतरले. आत गेले, गोकुळशेठना एका बाजूला बसवलं, बन्सीभाऊंना दुसऱ्या बाजूला, मध्ये टेबल. मेघाला लेआउटचा नकाशा काढायला सांगितला. त्यावर आधी मागचा बांध दाखवला. “हितं नाला हाय. पावसाळ्यात पाणी येतं. गोकुळशेठ भिंत बांधणारैत, ते लिहून घेऊ.” गोकुळशेठ जरा चुळबुळले, पण हो म्हणाले. मग तात्यांनी दोघांकडून आपल्याला काय मिळणार तेही दोघांच्या समोर सांगितलं. गोकुळशेठनी बन्सीभाऊंकडं बघितलं, बन्सीभाऊंनी गोकुळशेठकडं. बाजारात एवढी वर्षं काढून दोघांनी ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग भावाची वेळ आली. बन्सीभाऊंनी सवयीनं हात पुढं केला.

तात्यांचा हात खांद्यावर गेला. त्यांनी रुमाल काढला, झटकला. मेघाची पेन धरलेली बोटं थांबली. मी बघितलं, थेट त्या भाकरीच्या थापेसारखी थांबली. तात्यांनी ते बघितलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी रुमाल टेबलावर अंथरला, चारही कोपरे नीट ओढून, जसा पाहुण्यापुढं टाकावा. आणि त्या रुमालाच्या वर आपला हात ठेवला, उघडा.

“धर.”

“असा?” बन्सीभाऊ म्हणाले.

“असाच.”

“सगळ्यांसमोर? लाज वाटती राव.”

“वाटंल. मला बी वाटली होती, त्या शुभविवाहाखाली. मग जाती.”

बन्सीभाऊंनी इकडं तिकडं बघितलं. हायवेवरून एक कंटेनर गेला, पत्रा थरथरला, वरची नवी पाटी एकदा खडखडली आणि खिळ्यांवर स्थिर झाली. मग त्यांनी तात्यांची बोटं धरली. एक, दोन, पंजा. उघड उघड, गोकुळशेठच्या डोळ्यांदेखत.

“मोठ्यानं बोल,” तात्या म्हणाले, “सूनबाई लिहून घेतीय.”